पनवेलच्या खाडीवरील विमानतळ

आगगाडी सुरू होण्यापूर्वीं मुंबईचा मनुष्य पुण्यास जावयाचा झाल्यास प्रथम मचव्यांत बसे. भरतीची वेळ साधून मचवा बंदर ओलांडून खाडींत शिरे आणि पनवेलच्या धक्क्यास लागे. तेथें गाडी अगर डोली मिळे, आणि मग बोरघाट चढून देशावर जाणें होई. सन १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानींत घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां पनवेलची भरभराट आणखी वाढली. पुढें सन १८६३ मध्यें आगगाडीनें बोरघाट ओलांडला आणि ही सारी वर्दळ कल्याण-कर्जतच्या वाटेनें निघून गेली. पनवेलला राहिलें तें मीठ, भात, मासळी आणि बैलगाड्यांचीं चाकें घडविण्याचा धंदा.

या गोष्टीस दीडशेंहून अधिक वर्षें लोटल्यावर, सन २०२५ च्या डिसेंबरच्या २५ तारखेस सकाळीं, बंगळूरहून निघालेलें एक विमान त्याच पनवेलच्या खाडीच्या कांठीं येऊन टेकलें, आणि थोड्याच वेळानें दुसरें एक हैदराबादेकडे उडालें. नवी मुंबईच्या विमानतळावरील उतारूंची नियमित वाहतूक त्या दिवसापासून सुरू झाली. म्हणजे जो प्रवास पनवेलच्या हातून सुटला होता, तो आकाशमार्गानें पुन्हां तेथें परतला असें म्हणतां येईल. तथापि मधल्या काळांत ज्या भूमीवर हें सर्व घडलें, तिचा वृत्तांत विमानापेक्षां पुष्कळ जुना आहे, आणि तो ऐकल्यावांचून विमानतळाचा इतिहास समजावयाचा नाहीं.

ती भूमि मुळांत भूमि नव्हतीच म्हटलें तरी चालेल. गाढी आणि उलवे या दोन नद्या जेथें खाडीस मिळतात, तेथें चिखल, तिवरांचीं रानें आणि खाजणें असाच सगळा प्रकार. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे सन १९८१ पासून ज्यास रायगड म्हणतात त्या जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरील लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या अशा खाजणांभोंवतीं मातीचे बांध घातले. समुद्राच्या अंगच्या बांधास बाहेरकांठा म्हणावयाचें व त्यांत झांप बसविलेली उघाडी ठेवावयाची. ओहोटीस पावसाचें गोडें पाणी उघाडीवाटे बाहेर पडे. भरतीस पाण्याच्या दाबानें झांप मिटे आणि खारें पाणी बाहेरच राही. कांहीं पावसाळ्यांनीं मातींतील खार धुऊन काढला म्हणजे तेथें खाऱ्या जमिनींत तग धरणारें भात येऊं लागे. असा बांध घालून तो राखणारांस शिलोत्री म्हणत, आणि त्यांचा हक्क सरकारी दप्तरांतही मानला जाई. उधाणाच्या रात्रीं बांध फुटला कीं सारा गांव टोपल्या आणि फावडीं घेऊन धांवे; कारण एका रात्रीचें खारें पाणी पुढचीं दोन-तीन पिकें बुडविण्यास पुरेसें असे. शेताचें काम आटोपलें कीं खाडींत जाळें पडे. जिताडा, बोई, कोळंबी, चिंबोरी, निवटी हें त्या आगरी-कोळी घरांचें रोजचें अन्न आणि बाजाराच्या दिवसाचा पैसा. शहरांतील वाचकांस ज्या जागेचें वर्णन सरकारी कागदांत 'दलदल' म्हणून भेटतें, ती जागा ही अशी होती.

आतां मुंबईस दुसऱ्या विमानतळाची गरज कां पडली तें पाहूं. शहराचा पहिला विमानतळ जुहूचा. तो सन १९२८ मधला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन आपल्या लहानशा पुस मॉथ विमानांतून निघाले आणि अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. तेथून पुढें मद्रासपर्यंत टपाल नेण्याचें काम नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं केलें. टाटांच्या हवाई टपालाचा आरंभ तो हाच. परंतु पावसाळा लागला कीं जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई व सगळा कारभार पुण्यास हलवावा लागे. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत सांताक्रूझ येथें लष्करी विमानांचा तळ झाला, आणि युद्धानंतर तोच नागरी वाहतुकीकडे आला. या तळाची अडचण निराळी. तेथील दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात. त्यामुळें कागदावर दोन असल्या तरी एका वेळीं एकीचाच खरा उपयोग होतो. धांवपट्टी वाढवावी किंवा जोडीला समांतर अशी दुसरी घालावी, तर चोहों बाजूंनीं वस्ती येऊन भिडलेली. जुहूला पाण्यानें अडविलें, सांताक्रूझला माणसांनीं.

सन १९९७ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्यानें दुसऱ्या विमानतळासाठीं जागा पाहाण्याकरितां एक समिति नेमली. तिनें मुंबईच्या आसपासच्या अनेक जागा पाहून रेवस-मांडवा ही जागा सुचविली. अलिबाग तालुक्यांतील हें ठिकाण गेटवेपासून समुद्रमार्गें अगदीं समोर, परंतु खुष्कीच्या मार्गानें पेण-वडखळचा लांबचा वळसा घेऊन गांठावें लागणारें. या सूचनेवर राज्य सरकारनें सिडकोच्या मार्फत दुसरा पर्याय पुढें केला: पनवेलजवळच्या उलवे-कोपरच्या जागेचा फेरविचार व्हावा. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. मूळचा हा विचार लहान होता. एका धांवपट्टीचा, सांताक्रूझचा भार कांहींसा हलका करणारा विमानतळ, इतकीच ती कल्पना. दोन समांतर धांवपट्ट्या आणि वर्षाला कोट्यवधि उतारू हा आराखडा मागाहून वाढत गेला. लहान विमानतळासाठीं कितीशी जमीन लागणार, असें ज्यांना प्रथम वाटलें असेल, त्यांना शेवटीं १,१६० हेक्टरांचा हिशेब पाहावा लागला.

सिडकोनें ही जागा सुचविली याचें कारण उघड होतें. खाडीपलीकडे जोड-शहर वसवावें ही सूचना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं सन १९६५ मध्यें 'मार्ग' या नियतकालिकांतून मांडली होती. १७ मार्च १९७० रोजीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्याचें ठरलें. शहर घडविणारांच्या नकाशावर ती मोकळी जागा होती. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें ते बाहेरकांठे, उघाड्या आणि मिठागरें होतीं. ज्या भावानें जमीन मागण्यांत आली त्यावरून वाद पेटला. या वादाचे पुढारी दिनकर बाळू पाटील, ज्यांना सारा जिल्हा दि. बा. म्हणून ओळखतो. ते उरणजवळच्या जासईचे, धंद्यानें वकील, पक्षानें शेतकरी कामगार पक्षाचे. पनवेलचे आमदार आणि कुलाब्याचे खासदार. या किनाऱ्यावर जमिनीचा लढा कांहीं नवा नव्हता. अलिबागेजवळ चरीच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं सन १९३३ पासून सुमारें सहा वर्षें शेतें पडीत ठेवून खोतांशीं झुंज दिली होती, आणि त्या संपाची आठवण घरोघरीं होती. दि. बां. नीं तीच जिद्द नव्या प्रश्नास लावली. फरक एवढाच कीं चरीस खोत समोर दिसत होता. येथें समोर एक महामंडळ, एक कायदा आणि एक सुंदर आराखडा होता.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशीं जासई व दास्तान फाटा येथें जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला. पांच शेतकरी मरण पावले. त्यानंतरच्या वर्षांत साडेबारा टक्क्यांची योजना आली: संपादिलेल्या दर शंभर चौरस मीटरांमागें साडेबारा चौरस मीटर विकसित भूखंड मूळ मालकास परत. त्यांतूनही सार्वजनिक सोयींसाठीं कांहीं भाग वजा होई. साडेबारा म्हणजे शंभरांचा आठवा हिस्सा; हा न्याय कीं तडजोड, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा. परंतु जमीन घेऊन रोख पैसे हातीं ठेवणें एवढाच जो पूर्वीचा व्यवहार, त्यांत मालकाचा नव्या शहरांत वांटा असतो हें तत्त्व या योजनेनें प्रथम मान्य केलें, आणि तें पांच माणसांच्या मरणानंतर मान्य झालें, ही वस्तुस्थिति आहे. पुढें विमानतळाच्या वेळीं हेंच तत्त्व वाढवून साडेबावीस टक्के करण्यांत आलें.

केंद्रीय मंत्रिमंडळानें सन २००७ मध्यें विमानतळास तत्त्वतः संमति दिली. परंतु किनाऱ्याच्या नियमांनुसार भरतीरेषेच्या आंत विमानतळ बांधण्यास मुळीं परवानगीच नव्हती. म्हणून सन २००९ मध्यें नवी मुंबईपुरता नियमच बदलावा लागला. त्या वेळीं केंद्रांत पर्यावरणमंत्री जयराम रमेश होते, व त्यांचे आक्षेप जाहीर होते: तिवरें, दोन नद्या आणि एक डोंगर यांचा बळी घेऊनच येथें विमान उतरणार. कल्याणकडच्या पर्यायाचेंही नांव त्या वादांत निघालें. अखेरीस २२ नोव्हेंबर २०१० रोजीं अटींसह मंजुरी मिळाली. गाढी नदीचा मार्ग बदलूं नये, ही त्यांतील एक महत्त्वाची अट. दुसरी अशी कीं, दोन धांवपट्ट्यांमधील अंतर १,८०० मीटरांऐवजीं १,५५० मीटर ठेवावें, म्हणजे जागा कमी लागेल. तिसरी, वाघिवलीच्या बाजूस व आसपास तिवरांचीं रानें राखावीं व वाढवावीं. उलवे नदीस मात्र वळविण्याची मोकळीक मिळाली. ती सुमारें तीन किलोमीटर नव्या पात्रांतून नेण्यांत आली.

विमानतळाचें काम म्हणजे इमारत उभारणें असें पुष्कळांस वाटतें. येथें इमारत सर्वांत शेवटीं आली. विमान उतरतांना व चढतांना त्याच्या मार्गांत ठराविक उतारावर एकही अडथळा नसावा लागतो. आणि येथें तर जागेच्या ऐन मध्यावर सुमारें ९२ मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर उभा होता. तो सुरुंगांनीं फोडून जवळजवळ सपाट करण्यांत आला, आणि त्याच दगडमातीनें खाजणाची भर झाली. ज्या डोंगराच्या पायथ्याशीं गांवें वसलीं होतीं, तोच डोंगर त्या गांवांच्या शेतांवर अंथरला गेला, असें म्हटलें तर तें अलंकारिक बोलणें होणार नाहीं. अशा ठिकाणीं मऊ चिखलावर नुसता दगड टाकून भागत नाहीं. चिखलांतील पाणी हळूहळू निघून जाऊन तो खालीं बसावा लागतो. त्यासाठीं वर भार ठेवून, आंत पाणी निघण्याच्या उभ्या वाटा करून वाट पाहावी लागते. घाई केली तर धांवपट्टी पुढें वाकडीतिकडी बसते. ३,७०० मीटर लांबीची ही धांवपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, कारण विमान वाऱ्यास सामोरें जाऊन उतरतें, आणि या किनाऱ्यावर नैऋत्य-पश्चिमेचा वारा हाच मुख्य वारा.

भर घातली म्हणजे पाणी दुसरीकडे जाणारच. बाहेरकांठे घालणाऱ्या लोकांना ही गोष्ट कोणी शिकवावयास नको होती. भरावाचें काम सुरू झाल्यावर पावसाळ्यांत पारगांव-डुंगीच्या घरांत पाणी शिरूं लागलें, आणि मूळच्या दहा गांवांच्या यादींत नसलेल्या या लोकांना आपलेंही पुनर्वसन करा म्हणून मागणी करावी लागली. गांव घेतला तर दुःख, आणि शेजारचा घेऊन आपला ठेवला तर तेंही दुःखच.

ती दहा गांवें अशीं: उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली वाडा, वाघिवली, वरचें ओवळें, कोपर, कोल्ही आणि चिंचपाडा. सुमारें तीन हजार कुटुंबें. सन २०१३ च्या अखेरीस त्यांच्याशीं मोबदल्याविषयीं बोलणीं पुरीं झालीं: साडेबावीस टक्के विकसित जमीन, घरांसाठीं वडघर-वहाळच्या बाजूस भूखंड, आणि नव्या वसाहतीस नांव पुष्पकनगर. रामायणांतील विमानाचें नांव विमानासाठीं उठलेल्यांच्या वसाहतीस द्यावयाचें, हें कोणास सुचलें असेल तें असो. सर्वच लोक एकाच दिवशीं उठले नाहींत. कित्येकांनीं भूखंडाचा कागद हातीं आला, परंतु वस्ती व्हावयास वेळ लागला म्हणून घर सोडण्यास नकार दिला; कित्येकांना सुरुंगांचे दगड छपरावर पडूं लागले तेव्हां निघावें लागलें. मोबदल्याचा हिशेब जमिनीच्या मापावर होता, ही त्याची मोठी उणीव. ज्याच्या नांवें सातबारा, त्यास वांटा. खाडीचा सातबारा कोणाच्याच नांवें नसतो. जो केवळ जाळ्यावर पोट भरीत होता, ज्याची बायको टोपली घेऊन पनवेलच्या बाजारांत बसत होती, त्याचें काय गेलें तें मोजण्याचें माप त्या कागदांत फारसें नव्हतें. शेतकऱ्याची आठवा हिस्सा जमीन परत देतां येते. भरून टाकलेल्या खाडीचा आठवा हिस्सा परत देतां येत नाहीं.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येईल. सन २०१७ मध्यें बांधकामाचा ठेका जीव्हीके समूहास मिळाला; १८ फेब्रुवारी २०१८ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्तें कोनशिला बसली; सन २०२१ मध्यें सूत्रें अदानी समूहाकडे आलीं, आणि सिडकोकडे सव्वीस टक्क्यांची भागी राहिली. ११ ऑक्टोबर २०२४ रोजीं वायुदलाचें सी-२९५ विमान या धांवपट्टीवर प्रथम उतरलें. त्याच वर्षीं १२ जानेवारीस शिवडी-न्हावा हा समुद्रावरचा सेतु खुला झाला होता, सुमारें २१.८ किलोमीटर लांबीच्या या पुलानें उलव्याची बाजू मुंबईस जोडली. मचव्यास भरतीची वाट पाहावी लागे, पुलास लागत नाहीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. पहिल्या टप्प्यांत वर्षाला सुमारें दोन कोटी उतारूंची सोय आहे. सर्व टप्पे पुरे झाल्यावर नऊ कोटींची.

राहिला नांवाचा प्रश्न. सन २०२१ मध्यें सिडकोच्या मंडळानें विमानतळास बाळासाहेब ठाकरे यांचें नांव देण्याची सूचना केली, तेव्हां रायगड, ठाणें आणि नवी मुंबईच्या गांवांतून विरोध उठला. १० जूनला रस्त्यांवर माणसांची साखळी उभी राहिली. २४ जून हा दि. बां. चा स्मृतिदिन, सन २०१३ मध्यें याच दिवशीं ते वारले. त्या दिवशीं हजारों माणसें बेलापूरला सिडकोच्या दारांत जाऊन धडकलीं, आणि त्यांत ज्यांचीं घरें धांवपट्टीखालीं गेलीं तींही होतीं. ही मागणी वरवर पाहातां मानाची वाटते. परंतु ज्यांचा गांव नकाशावरून पुसला गेला, ज्यांच्या वाड्यांचीं नांवें टपालाच्या पत्त्यांतूनही उठलीं, त्यांना आपल्या बाजूचें एक तरी नांव तेथें लिहिलेलें हवें होतें. हें न समजणें कठीण आहे. सन २०२२ च्या ऑगस्टमध्यें राज्य विधिमंडळानें लोकनेते दि. बा. पाटील यांचें नांव देण्याचा ठराव करून तो केंद्राकडे धाडला. उद्घाटनाच्या दिवशीं तो ठराव अजून केंद्राच्या निर्णयाच्या प्रतीक्षेंत होता.

गाढी नदी मात्र जुन्याच मार्गानें वाहाते. भरती आली कीं धांवपट्टीच्या उत्तरेस वाघिवलीच्या तिवरांत पाणी चढतें आणि चिखलावर निवट्या उड्या मारूं लागतात. ओहोटीच्या वेळीं, विमानांच्या येण्याजाण्याखालीं, डोक्याला फडकें गुंडाळलेलीं चार-दोन माणसें अजूनही तेथें कमरेइतक्या पाण्यांत जाळीं घेऊन उभीं असतात.